घरात गुजराती, बाहेर मराठी

वन्सं, तुमच्या फोटोला हार घातलेला नाही. भिंतीत खिळा बसत नाही. माझ्या समीरने दोन ठिकाणी ठोकून पाहिला, दोन्हीकडे प्लास्टर गळलं, मग त्याने हातोडी ठेवून दिली. फोटो सध्या फ्रिजवर टेकवून ठेवला आहे. फ्रिज चालू झाला की तुम्ही थोड्या थरथरता. मला त्याची सवय झाली आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहायचं आहे. चिटणीस घरी आले होते. म्हणाले, "काकू, दोन-चार पानं द्या. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव, असं." मी म्हटलं, जन्म आणि शिक्षण त्यांच्या कॉलेजला विचारा, माझी स्वतःची चौथी झाली आहे, मला त्यांच्या पदव्यांची नावं धड लिहिता यायची नाहीत. स्वभाव मला माहीत आहे. पण तो लिहायचा तर आमची भांडणं लिहावी लागतील. "भांडणं नकोत हो काकू," ते म्हणाले. मी हो म्हटलं. आता लिहायला बसले तर भांडणांशिवाय काही आठवत नाही.

आणि सगळी भांडणं एकाच माणसावरून. तुमचा धाकटा भाऊ, माझे दीर, दिनूभाऊजी. आत्ता बाहेर ओट्यावर बसून पापडीच्या शेंगा सोलत आहेत. तुमचं काम त्यांच्याकडे आलं आहे. दाणे एकीकडे आणि सालं दुसरीकडे करायची हे त्यांना पटत नाही, सगळं एकत्रच टाकतात. संध्याकाळी मी परत निवडते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण अंक वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगते. बडोद्यातली आपली माणसं घरात मराठी बोलतात आणि उंबरा ओलांडला की गुजराती. भाजी विकणारी शाकवाली, रिक्षा, बँक, शेजार, सगळीकडे गुजराती. भाऊजींचं उलट आहे. ते घरात आमच्याशी गुजराती बोलतात आणि बाहेर पडले की मराठी. आज तीसेक वर्षं झाली. चूक होत नाही. घरात मी मराठीत विचारते, ते गुजरातीत उत्तर देतात. रस्त्यावर लोक गुजरातीत विचारतात, त्यांना मराठीत सांगतात. एवढंच. बाकी जेवतात, अंघोळ करतात, लाइटबिल भरून येतात, क्रिकेट लागलं की टीव्हीसमोरून उठत नाहीत.

आमच्या निजामपुऱ्यातले लोक त्यांना गांडो म्हणतात. तुम्ही असतात तर इथेच माझा हात धरला असतात. पण हा शब्द मी लिहिणार आहे, कारण तुमची-माझी ओळख ह्याच शब्दावरून झाली.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा बडोदा म्हणजे फक्त नाव ऐकलेलं. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सकाळी हंडा कमरेवर घेऊन विहीर शोधायला निघाले. घरात नळ असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि नव्या सुनेने विचारायचं कोणाला. शेजारच्या शारदाबेन ओट्यावर होत्या. मला बघून हसल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अरे गांडी, घरमां तो नळ छे!"

आमच्याकडे हा शब्द बाईला उद्देशून कोणी बोललं असतं तर त्या दिवशी डोकी फुटली असती. मी हंडा खाली ठेवला आणि शारदाबेनना त्यांच्या सात पिढ्यांसकट जे बोलायचं ते बोलून घेतलं. त्यांना एक अक्षर कळलं नाही. त्या आपल्या हसतच होत्या, त्यामुळे मी आणखी भडकले. मग तुम्ही धावत आलात. दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. मला आत ओढून नेलंत आणि म्हणालात, "वहिनी, त्यांच्यात वेडीला गांडी म्हणतात. आणि लाडानेसुद्धा म्हणतात. त्यांनी लाडाने म्हटलं."

"लाडाने वेडी म्हणतात?"

"आपण नाही का म्हणत? वेडाबाई?"

मी बाहेर जाऊन हंडा उचलून आणला. पण मी शारदाबेनशी बरेच दिवस बोलले नाही. पुढे त्यांनीच मला कढीत साखर टाकायला शिकवलं. पुष्कळ वर्षांनी तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागलात, तेव्हा हीच गोष्ट पोरांना पहिल्या तासाला सांगायचात, हे मला तुमच्याच एका विद्यार्थिनीकडून कळलं. हंड्यासकट. मला विचारायचं तरी होतं. विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नसेल.

आता भाऊजींचं. सासूबाई गेल्या आणि त्याच वर्षी सावली गावाकडचा त्यांचा कारखाना बंद पडला. भाऊजी आधी गप्प झाले. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. मग जेवण सोडलं. हे म्हणायचे, पुरुष माणूस आहे, नोकरी गेली, आई गेली, होईल ठीक. मीही तेच म्हणत होते. तुम्ही कॉलेजातून आलात, त्यांच्या मनगटाला हात लावलात, आणि चपला न काढता परत बाहेर जाऊन रिक्षा घेऊन आलात. कोणाला विचारलं नाहीत. तेव्हा मानसिक डॉक्टरकडे नेणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायची सोय राहत नसे. तुम्ही दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, भावाला खांद्याला धरून नेलंत.

गोळ्या चालू झाल्या. दिवस गेले. भाऊजी उठून बसायला लागले, चार घास खायला लागले, पण बोलत नव्हते. आणि एके दिवशी मी पोळ्या करत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "भाभी, चा आपो ने."

मी लाटणं टाकून तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात. हे आले. ते बोलले ह्याचाच आम्हाला एवढा आनंद झाला की कुठल्या भाषेत बोलले हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दोन दिवसांनी शाकवाली ओरडत आली, "तमारा दियर मने मराठीमां भाव पूछे छे!" तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी गोळ्या कमी करत करत बंद केल्या. आजार गेला. हे राहिलं.

इथून आपलं भांडण सुरू झालं, वन्सं, आणि ते तुमच्याबरोबरच गेलं, अर्धवट.

मी म्हणायचे, डोक्यात अजून काहीतरी शिल्लक आहे, परत डॉक्टरकडे न्या. तुम्ही म्हणायचात, कशासाठी. मी म्हणायचे, असं वागणं वेडेपणाचं आहे. तुम्ही म्हणायचात, "वेडेपणा म्हणू नका." शेवटी एकदा लसूण सोलताना मी तुम्हाला सरळ विचारलं, "तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? वेडा कोणाला म्हणायचं?"

"वेडा असा शब्द पुस्तकात नाही, वहिनी."

"मग जो आहे तो सांगा."

"अपसामान्य वर्तन."

"म्हणजे काय?"

"तेच तर ठरत नाही," तुम्ही म्हणालात आणि पुढची पाकळी घेतलीत.

मला वाटलं टाळताय. पण तुम्ही सांगायला लागलात. एक म्हणणं असं, की जे फार थोड्या माणसांत दिसतं ते अपसामान्य. मी म्हटलं, मग तुम्हीच आधी. सबंध गल्लीत लग्न न करता राहिलेली बाई तुम्ही एकटी. मला वाटलं तुम्हाला राग येईल. तुम्ही मान डोलावलीत. "बरोबर. दरवर्षी कोणीतरी पोरगी हेच विचारते. आणि उलटंही आहे. उदास होऊन पडून राहणारी माणसं पुष्कळ असतात. पुष्कळ आहेत म्हणून त्यांचं ठीक चाललंय म्हणायचं का?"

दुसरं म्हणणं, समाजाच्या रीतीबाहेर जे असेल ते. ह्यावर मी काही बोलायच्या आत तुम्ही माझ्या हाताकडे बोट दाखवलंत. मी डावरी. शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर पट्टी मारून मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं, त्यामुळे माझं अक्षर अजून असं आहे. लसूण मात्र डाव्या हातानेच सोलते. "तेव्हा रीत तशी होती," तुम्ही म्हणालात. "तुम्ही बदललात की रीत?" आणि भाऊजींचं तर असं, की त्यांना साताऱ्याला नेऊन ठेवलं असतं तर बाजारात मराठी बोलतात म्हणून कोणी मान वर करून पाहिलं नसतं.

"मग नेऊन ठेवा."

"घरात गुजराती बोलतील की."

"मग राहू दे इथेच."

तिसरं म्हणणं मला आवडलं होतं. ज्या वागण्याचा त्या माणसाला स्वतःला त्रास होतो ते. मी म्हटलं, हे खरं, कारण भाऊजींना काडीचा त्रास नाही. तर तुम्ही ते पण मोडीत काढलंत. तुम्ही पाहिलेल्या एका माणसाची गोष्ट सांगितलीत, जो रात्ररात्र झोपत नव्हता, गात होता, घरातली भांडी रस्त्यावरच्या लोकांना बोलावून बोलावून वाटत होता, आणि त्याच्याइतकं आनंदी त्या घरात कोणी नव्हतं. त्याला त्रास नव्हता. पण तो आजारी होता. मग रोजचं जगणं अडतं का हे बघायचं, कोणाला इजा होईल का हे बघायचं, असंही तुम्ही म्हणालात. आणि आणखी एक होतं, निरोगी मन कसं असावं ह्याचं वर्णन करायचं आणि त्यात जो बसत नाही तो. "त्यात तर आपलं अख्खं घर नापास," तुम्ही म्हणालात. "मी सुद्धा."

मी जे जे भोक दाखवायला जात होते ते तुमच्या पुस्तकात आधीच दाखवलेलं होतं. तुमच्याशी भांडायला मजा यायची नाही ती ह्यामुळेच. मी चिडून म्हटलं, "मग ह्या सगळ्याचा उपयोग काय?"

"परीक्षेत दहा मार्कांना येतं."

"खरं सांगा."

तुम्ही हातातली पाकळी ताटात टाकलीत. "दिनू जेवायचा थांबला तेव्हा झाला की उपयोग."

"तेव्हा तुम्ही व्याख्या कुठे केलीत? रिक्षा बोलावलीत."

तुम्ही एवढ्या हसलात की ताटातली लसणाची सालं उडून माझ्या मांडीवर आली. तेवढं एकदा मी जिंकले.

पण एक प्रश्न राहिला. मी तो पुष्कळ वेळा विचारला, दर वेळी थोडा वेगळा करून. भाऊजींना त्रास नाही, मान्य. पण मला होतो. हे गेले, समीर नोकरीला हैदराबादला, घरात आपण तिघं. पाहुणा आला की समजावा. गॅसवाला आला की समजावा. नवा शेजारी आला की समजावा, वेडे नाहीत हो, मारत नाहीत, फक्त असं बोलतात. माझा हा त्रास तुमच्या कुठल्या व्याख्येत बसतो?

तुम्ही म्हणालात, "हा प्रश्न चांगला आहे."

"मला मार्क नकोत. उत्तर द्या."

"उत्तर नाही माझ्याजवळ, वहिनी."

आणि त्यानंतर, हे मी आता लिहिताना लक्षात येतंय, समजावण्याचं काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत. बेल वाजली की तुम्ही उठायचात. गॅसवाल्याला, शेजाऱ्याला, पाहुण्याला तुम्ही सांगायचात, आणि तुम्ही सांगितलं की ते लोकांना पटायचं. मी आत बसून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, प्रोफेसरबाईंना बोलायची हौस आहे. उत्तर दिलं नाहीत, काम केलंत. सांगितलं असतंत तर मी एकदा तरी उठले असते.

एक मात्र मीही तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला एकदा विचारलं होतं, की भाऊजींचं हे असं का झालं असेल. तुम्ही नेहमीसारखं माहीत नाही म्हणालात. मी धरूनच बसले तेव्हा म्हणालात, "नुसता अंदाज आहे. आई गेल्यावर घर त्याला परकं झालं असेल. परक्यांत आपण गुजराती बोलतो."

मी उठून भांडी घासायला गेले. तुम्हाला वाटलं असेल, पटलं. पटलं नव्हतं, लागलं होतं. सासूबाईंच्या मागे ह्या माणसाला दोन वेळचं जेवण कोणी घातलं? शर्टाची बटणं कोणी लावली? आणि घर परकं? मग मी कोण, स्टेशनवरची खानावळवाली? हे सगळं मी त्या दिवशी कढईला सांगितलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाला असता, अंदाज चुकीचा असू शकतो. तेवढं ऐकलं असतं तरी माझं निम्मं ओझं उतरलं असतं.

मी आपलं माझ्या परीने ठरवून टाकलं आहे, की परक्या घरात कोणी "दाळमां मीठुं ओछुं छे" असं, डाळीत मीठ कमी म्हणून, एवढ्या मोठ्याने ओरडत नाही.

आता त्या सकाळचं लिहिते, मग झालं.

मी अंघोळीला गेले होते. भाऊजी तुमच्यासाठी चहा घेऊन तुमच्या खोलीत गेले. तुम्ही उठत नाही म्हणून हलवलं. मी बाथरूममधून ऐकत होते, "बेन, ऊठो ने. बेन." मला वाटलं नेहमीची थट्टा. मग दार उघडल्याचा आवाज आला. ते शेजारी गेले होते, मदतीला. उंबऱ्याबाहेर पडले आणि त्यांची मराठी सुरू झाली. "ताई उठत नाही! अहो, ताई उठत नाही!" शेजारी आता शारदाबेन नाहीत. जिग्ना आणि तिचा नवरा आहे, लहान पोरं आहेत, ती दोघं मागच्या वर्षी राहायला आली. त्यांना एक अक्षर मराठी येत नाही. जिग्नाने दार उघडलं, भाऊजी हातवारे करून ओरडताना पाहिले, घाबरली, आणि दार लावून घेतलं. भाऊजी पुढच्या घरी गेले. तिथेही तेच. मी ओल्या साडीने बाहेर आले तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि मराठीत ओरडत होते, आणि कोणी जवळ येत नव्हतं.

डॉक्टर आले ते म्हणाले, झोपेतच गेल्या, पुष्कळ आधी. म्हणजे त्या गोंधळाने काही फरक पडला नाही. पण हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी कळलेलं नव्हतं, आणि ती वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. कोणाला इजा होईल का बघायचं, असं तुम्हीच म्हणाला होतात.

समीरच्याही डोक्यातून जात नाही. तेराव्यानंतर तो माझ्यासमोर येऊन बसला. वाईट बोलला नाही, तुमच्या हाताखाली वाढलेला पोरगा आहे. म्हणाला, "आई, उद्या तू पडलीस तर? काका परत असंच रस्त्यावर ओरडत फिरतील. ऐकेल कोण?" सावलीच्या रस्त्याला एक संस्था आहे म्हणे, स्वच्छ आहे, जेवण चांगलं आहे. काका तिथे राहतील. मी त्याच्याबरोबर हैदराबादला जायचं. घर बंद.

"आणि तिथे काका बोलतील काय?" मी विचारलं. "ते त्यांना घर वाटेल की बाहेर?"

त्याने खिशातून संस्थेचा फॉर्म काढला. संस्थेला डॉक्टरचा कागद लागतो, म्हणून आम्ही फतेगंजला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. तिघंही.

डॉक्टरबाई तरुण, गुजराती. त्यांनी भाऊजींना विचारलं, "आजे कयो वार छे, काका?"

"मंगळवार," भाऊजी म्हणाले. "मंगळवारी आमची शाकवाली येत नाही."

"गुजराती समजाय छे?"

"समजतं की. बडोद्याचा आहे मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं काय म्हणाले ते. मग बाईंनी विचारलं, समजतं तर बोलत का नाही.

"बाहेर आहे ना आत्ता," भाऊजी म्हणाले, लहान पोराला सांगावं तसं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. घरी काय बोलतात, मला विचारलं. गुजराती. आणि घरातले बाकीचे? मराठी. बाईंनी पेन परत उचललं.

जेवण, झोप, चिडणं, हरवणं, सगळं विचारून झालं. मग मी गुजरातीत समजवायला लागले, कारण आता बेल वाजली की उठणारं दुसरं कोणी नाही. तुमचंच सगळं सांगायला गेले. थोड्यांत दिसतं ते, रीतीबाहेरचं ते, आणि पुढे आठवेना. तुम्ही किती सरळ सांगायचात. माझ्या तोंडून ते घरगुती औषधासारखं निघत होतं. बाई ऐकत होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. इथे म्हाताऱ्या बाईला बा म्हणतात. मग म्हणाल्या, "हे सगळं बरोबर आहे, बा. पण मला एक सांगा. ह्यांच्या वागण्याचा त्रास कोणाला होतो?"

"आईला," समीर म्हणाला.

वन्सं, तोच प्रश्न. मी तुम्हाला इतकी वर्षं विचारला आणि शेवटी मलाच आला. सगळे माझ्याकडे बघत होते, भाऊजीसुद्धा. मी नाही म्हटलं तर खोटं. हो म्हटलं तर कागद तयार. मी दमलेली आहे. ह्या वयात गुडघे धरून दोघांचं करणं मला झेपत नाही, आणि तुम्ही नसताना ते घर मला मोठं वाटतं. मला हैदराबादला जाऊन नुसतं बसावंसं वाटतं. हे सगळं खरं आहे.

"होतो," मी म्हटलं. "खूप होतो." समीरने श्वास सोडला. "पण त्रास मला ह्याचाही होतो," मी समीरकडे बोट केलं. "लहानपणापासून. ह्याला कुठे ठेवता?"

डॉक्टरबाई हसल्या. भाऊजीही हसले. समीर लाल झाला.

बाईंनी कागद दिला नाही. म्हणाल्या, पुस्तकात शोधून नाव देता येईल, पण नाव देऊन मी गोळी कोणती देऊ? त्यांचं परत जेवण सुटलं, झोप उडाली, तर त्याच दिवशी घेऊन या, वाट बघू नका. आणि मदत ह्यांच्यापेक्षा तुम्हाला हवी आहे, कामाला बाई लावा. समीर म्हणाला, पण त्या दिवशीसारखं झालं तर? बाई म्हणाल्या, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या गल्लीत शोधा.

आम्ही रिक्षाने परत निघालो. भाऊजी रिक्षावाल्याला मराठीत रस्ता सांगत होते, डावीकडे, आता सरळ, आणि रिक्षावाला बरोबर जात होता. घर आलं तेव्हा समीर म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू, आई." दुसऱ्या दिवशी हैदराबादला गेला. सकाळच्या स्वयंपाकाला बाई लावून गेला. ती भाजी फार तेलकट करते.

काल दुपारी मी जिग्नाकडे गेले. ती बिचारी मला बघून रडायलाच लागली, बा, मी त्या दिवशी दार लावलं, मला समजलं नाही. मी म्हटलं, रडू नकोस, एक वाक्य शिक. तिला ओट्यावर बसवलं. भाऊजी आपल्या ओट्यावर पापडी घेऊन बसलेले, मधे फक्त कठडा.

"म्हण, वहिनी उठत नाही."

"एटले शुं?"

मी अर्थ सांगितला. तिने कानावर हात ठेवले. "एवुं ना बोलो, बा!"

"मग कोण बोलणार? म्हण."

"वहिनी... ऊठट नाय."

"हे ऐकू आलं की दार लावायचं नाही. उघडायचं आणि धावत यायचं. नवऱ्याला पण शिकव. परत म्हण."

"वहिनी ऊठट नाय."

कठड्यापलीकडून भाऊजी म्हणाले, "ऊठट काय! उठत. त, त. उठत नाही." पापडीची शेंग हातात धरून त्यांनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. वन्सं, माझं मरण कठड्यावरून असं पाठ करून घेतलं जात होतं आणि मला हसू येत होतं. हे अपसामान्य वर्तनात बसतं का हे विचारायला तुम्ही नाही. तुमच्याशी हे जे मी बोलत बसले आहे तेही बसत असेल. रीतीने तेराव्यापर्यंत चालतं. तेरावं केव्हाच झालं.

तिला बरोबर यायला लागल्यावर मी घरी आले आणि खुर्चीत बसले. भाऊजी पापडीचं ताट घेऊन मागून आले. उंबरा ओलांडला, माझ्यासमोर उभे राहिले, मान हलवली आणि म्हणाले, "भाभी, तमे तो साव गांडां छो."

शारदाबेन म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. ह्या वेळी मला कोणी अर्थ सांगायची गरज पडली नाही.

मी उठले आणि चहा टाकला.